नणंद पुढे, वहिनी मागे आणि वरून झिमझिम पाणी, तर इंटरवल मारायचं कसं?

पत्र :
ताई, मी 24 वर्षांची, दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे. मी आणि माझी नणंद, ती 20 ची, दोघी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. 800 मीटरला तिला 3 मिनिट 5 सेकंद लागतात, मला 3 मिनिट 35. सकाळी गावच्या रोडवर दोघी सोबत इंटरवल मारतो, पण ती माझ्यासाठी हळू पळते आणि मी तिच्या बरोबरीनं राहाले पाहून जीव काढते, तिसऱ्या राऊंडलाच माझ्या बरगडीखाली कळ येते, मग ती पण थांबून जाते. त्यात आठ दिवसांपासून झिमझिम चालू आहे, सासूबाई म्हणतात पाण्यात पळू नका, आजारी पडसान. मी तिचं नुकसान करून राहिली का ताई? तिला एकटीनं पळ म्हणू का? आणि झड उघडेपर्यंत बंद ठेवू का?
— एक वहिनी

उत्तर :
वहिनी, तुझ्या शेवटच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे. नणंदेला एकटीनं पळ म्हणू नको आणि झड उघडायची वाटही पाहू नको. आपल्याकडची झड कधी दोन दिवसाची राहते कधी पंधरा दिवसाची, तिच्या भरवशावर बसली तर आतापर्यंत कमावलेला दम निघून जाईन. आणि खरं सांगू का, झिमझिम पाण्यात जर कोणता व्यायाम बरोबर बसत असेल तर तो इंटरवलच आहे, लांब पळण्यापेक्षा कितीतरी बरा. काहून ते सांगते, पण पहिले तुमच्या दोघींचं काय चुकून राहिलं ते पाहू.

तुम्ही खांद्याला खांदा लावून पळता, तिथेच सारं बिघडते. इंटरवल म्हणजे थोडा वेळ जोरात पळायचं, मग चालत दम घ्यायचा, मग परत जोरात. 1930 च्या दशकात जर्मनीत वॉल्डेमार गेर्शलर नावाचे कोच होते, त्यांनी हर्बर्ट राइंडेल नावाच्या हार्टच्या डॉक्टरांसोबत मिळून हे नीट बसवलं, की पळताना ठोके मिनिटाला 180 च्या आसपास चढू द्यायचे, मग दम घेताना 120 वर उतरू द्यायचे आणि मगच पुढचा राऊंड. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रुडोल्फ हार्बिगनं 1939 मधे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदात पळून वर्ल्ड रेकॉर्ड केला, म्हणजे तुमच्याच अंतराचा. आता यात तुमच्या कामाचं काय आहे ते पाह, ठोके ज्याचे त्याचे असतात. नणंद तुझ्या स्पीडनं पळते तेव्हा तिचे ठोके पाहिजे तिथपर्यंत चढतच नाहीत, आणि तू तिच्या स्पीडनं पळते तेव्हा तुझे चढतात पण वेळेत उतरत नाहीत, आणि तू तशीच पुढचा राऊंड सुरू करून देते. म्हणजे दोघीही रोज सकाळी उठून राहिल्या, घाम गाळून राहिल्या आणि दोघींचं इंटरवल होऊनच नाही राहिलं. नुकसान तिचं होऊन राहिलं असं तू लिहिलं, पण तुझंही तेवढंच होऊन राहिलं, हे तुझ्या ध्यानात नाही आलं.

आता उपाय. अंतर मोजून पळणं सोडा, वेळ मोजून पळा. 45 सेकंद जोरात, मग दीड मिनिट चालणं. दोघी एकाच खांबापासून सोबत निघा आणि आपापल्या स्पीडनं पळा, 45 सेकंद झाले की जिथे असाल तिथे आपला दगड ठेवा. नणंदेचा दगड पुढे पडेन, तुझा मागे, साधारण तीसेक मीटरचा फरक राहीन. मग दीड मिनिटात तिनं तुझ्याकडे चालत यायचं, दोन शब्द बोलायचे, परत आपल्या दगडापाशी जायचं. आता दुसरा राऊंड उलटा मारायचा, दोघींनी आपापल्या दगडापासून त्याच खांबाकडे, परत 45 सेकंद. नणंद तुझ्या मागून येईन, तिला जास्त अंतर कापायचं आहे आणि तुला कमी, पण वेळ एकच, म्हणून दोघी बरोबर एकाच वेळी खांबाला पोचाल! तुला मागून तिच्या बुटाचा आवाज जवळ जवळ येताना ऐकू येईन आणि तिच्या समोर तू पकडायला राहशीन, दोघींनाही जोर लावायचं कारण आहे, आणि कोणी कोणासाठी हळू होऊन नाही राहिलं. मी मुलींच्या जोड्यांना हे करायला लावते तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर जे हसू येते ना ते पाहण्यासारखं असते, जी रोज मागे राहायची ती पहिल्यांदा सोबत पोचते.

आणि यात आपोआप परीक्षापण होते. जातानाच्या राऊंडला फुकटची घाई केली असेल तर येताना 45 सेकंदात खांबाला पोचता येत नाही, दहा मीटर अलीकडेच वेळ संपून जाते. तसं झालं की समजायचं, पुढच्या वेळी दगड थोडा अलीकडे ठेवायचा. तुला बरगडीखाली जी कळ येते ती पण बहुतेक याच घाईनं, आणि थोडी खाण्यानं. पळायच्या आधी दोन तासात पोटभर काही खाऊ नको, उठल्यावर अर्धं केळं नाहीतर गुळाचा खडा आणि दोन घोट पाणी एवढंच, चहा-बिस्कीट आल्यावर.

थोडा हिशोब पण लिहून घे. भरतीत मुलींच्या 800 मीटरला 20 मार्क आहेत आणि पूर्ण 20 पाहिजे असले तर 2 मिनिट 50 सेकंदात आलं पाहिजे. त्या गतीनं 45 सेकंदात 212 मीटर जमीन कापली जाते. म्हणजे नणंदेचा दगड 212 मीटरवर पडून राहिला आणि सगळे राऊंड तिथेच पडून राहिले तर ती बरोबर रस्त्यावर आहे. तुझा सुरुवातीला 180 वर पडला तरी हरकत नाही, ती 3 मिनिट 20 ची गती झाली, आज तू 3:35 ला येते, तेव्हा 180 म्हणजे पुढचंच पाऊल आहे. 190 ला पोचली म्हणजे 3 मिनिट 10 ची गती. टेप घेऊन एकदा 150 पासून 220 पर्यंत दर दहा मीटरला रोडच्या बाजूच्या दगडावर ऑईल पेंटनं खूण करून ठेवा, चुना मारला तर पहिल्याच पाण्यात धुऊन जाते.

सुरुवातीला सहा राऊंड, म्हणजे तीनदा जाणं तीनदा येणं. दोन हप्त्यांनी आठ. आठवड्यात दोनदाच, समजा मंगळवार आणि शुक्रवार, मधे दोन दिवस आरामात पळायचं नाहीतर चालायचं. आणि राऊंडच्या मधे ठोके मोजून पाह. बोटं ओली असली की मनगटावर नाही समजत, गळ्याला जबड्याच्या खाली दोन बोटं ठेव आणि 10 सेकंद मोज, 20 नाहीतर त्याच्यापेक्षा कमी आले तर पुढचा राऊंड मार, 23-24 येऊन राहिले तर अजून अर्धं मिनिट चाल. नणंद थांबेन, तिला अर्ध्या मिनिटानं काही होत नाही.

आता पाण्याचं. मी म्हटलं झिमझिमीत इंटरवल बरोबर बसते, ते यासाठी की याला तुम्हाला फक्त अडीचशे मीटर चांगला रोड लागते. पाच किलोमीटर पळायला निघाली तर पाण्यात काय काय लागते, कुठे पांधनीतून ट्रॅक्टरनं रोडवर आणलेली काळी माती, कुठे शेण, कुठे नाल्याचं पाणी, कुठे खड्डा भरलेला आहे तर खोल किती ते समजत नाही. अडीचशे मीटरचा तुकडा मात्र तुम्ही निवडू शकता, आदल्या दिवशी संध्याकाळी चालून पाहू शकता, खराट्यानं झाडू शकता. त्या तुकड्यातला खड्डा न खड्डा पायाला पाठ होऊन जाते. आणि उलटा फिरायचा प्रकार पण चालताना होते, जोरात पळता पळता ओल्या रोडवर वळायचं कामच नाही पडत.

तुकडा निवडताना जिथे वावरातून ट्रॅक्टर-बैलगाडी चढते ती जागा सोडून द्या. आपली काळी माती सुकली की दगड आणि ओली झाली की लोणी, डांबरावर तिचा पातळ थर बसला ना तर दिसत पण नाही आणि पाय निघून जाते. पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी सगळ्यात वाईट, धूळ आणि गाड्यांचं ऑईल वर येते, रोड साबणासारखा होते, चांगली सर येऊन गेली की उलट रोड धुतला जाते. गावातला सिमेंट रोड नको, पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरते. रोडवरचे पांढरे पट्टे पण ओले झाले की घसरतात, त्याच्यावर पाय नका देऊ. मुरमाचा रस्ता असला, दबलेला, तर त्याच्यासारखं काही नाही, पाणी धरत नाही आणि टोंगळ्यांनाही मऊ पडते.

मी स्वतः एकदा अशीच पडली आहे, कॉलेजला असताना. मैत्रिणीच्या बरोबरीनं पळून राहिली होती, भुरभुर पाणी होतं, तिच्या पुढे जायच्या नादात रोडच्या कडेला सरकली आणि पांधनीच्या तोंडाशी चिखलावर पाय गेला. घोटा असा मुरगळला की दीड महिना नीट चालता नाही आलं आणि त्या साली माझी विद्यापीठाची मीट हुकली. मैत्रीण रडून राहिली होती की माझ्यामुळे झालं. तिच्यामुळे नव्हतं झालं, दोघी लागून पळून राहिलो होतो म्हणून झालं. तेव्हा कोणी मला हे दगडाचं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं अजूनही वाटते, म्हणून तुला एवढं लांब लिहून राहिली.

ओल्या रोडवर पाऊल लांब टाकायचं नाही, पाय अंगाच्या खाली पडला पाहिजे, समोर नाही. थांबताना एकदम ब्रेक नको, पाच-सहा पावलं हळू होत थांबायचं. रोडच्या उजव्या बाजूनं पळा म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, झिमझिमीत मोटारसायकलवाल्याला डोळ्यात पाणी जाऊन काही दिसत नाही, तेव्हा एकामागे एक आणि अंगात पिवळा नाहीतर पांढरा टीशर्ट. पुरतं उजाडल्याशिवाय निघू नका. पावसाळ्यात सकाळी साप रोडवर येऊन पडलेले राहतात, तुझ्या गावाला हे काही नवीन नाही, पण पळताना नजर दूर राहते आणि पायाखालचं दिसत नाही.

रेनकोट घालून इंटरवल मारू नको, आत वाफ होते आणि झिमझिमीतल्या थंडाव्याचा जो फायदा आहे तोच जाते. हो, फायदाच आहे, पाऊस थांबून ऊन पडलं की आपल्याकडे कसं उकडते तुला माहीत आहे, त्यापेक्षा झिमझिमीत अंग लवकर तापत नाही आणि शेवटच्या राऊंडपर्यंत दम पुरते. फक्त सुरुवात हळू करायची, ओसरीतच दहा मिनिट अंग मोकळं करून निघायचं, आणि राऊंडच्या मधे उभं नाही राहायचं, चालतच राहायचं, नाहीतर पोटऱ्या आखडतात. कॉटनचा टीशर्ट पाणी पिऊन जड होते, पॉलिस्टरचा घाल. मांड्या आणि ब्राच्या पट्ट्याखाली घासते तिथे निघायच्या आधी खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन लाव.

बूट घरी आल्यावर चुलीपाशी ठेवायचे नाहीत, सोल सुटते. आत पेपर कोंबून सावलीत ठेव, तासाभरानं पेपर बदल. पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडे पूस. तुम्ही दिवसभर निंदणाला ओल्यातच राहता, सकाळी बुटात ओले आणि दुपारी वावरात ओले, चिखल्या व्हायला वेळ नाही लागत. बोटांच्या मधे खाज सुटली नाहीतर कातडी पांढरी पडली की घरचे उपाय करत बसू नको, आरोग्य केंद्रातून मलम आण आणि दोन-चार दिवस पळणं सोड.

एका गोष्टीला मात्र मी ऐकणार नाही, ती वीज. नुसती झिमझिम असली की बहुतेक काही नसते, पण ढग काळे होऊन दूर कुठे चमकलं तर लगेच मोजायला लागायचं. चमकल्यापासून आवाज यायला 30 सेकंदापेक्षा कमी लागले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, राऊंड अर्धा असो की शेवटचा, सोडायचा आणि शाळेत नाहीतर पक्क्या घरात जायचं, झाडाखाली अजिबात नाही. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. मोबाईलमधे दामिनी ॲप टाकून ठेव, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलेलं आहे, आजूबाजूला वीज पडून राहिली असली तर सांगते. आपल्या विदर्भात दरवर्षी किती लोकं वावरात विजेनं जातात ते तुला सांगायला नको.

आता सासूबाई. त्या चुकीचं बोलून नाही राहिल्या, त्यांना काळजी आहे आणि एक पोरगी त्यांची आहे, एक सून आहे, काही झालं तर दोन्हीकडून बोल त्यांनाच लागते. त्यांना सांग की सर्दी पाण्याच्या थेंबानं नाही होत, विषाणूनं होते, पण ओल्या कपड्यात बसून राहणार नाही, आल्याबरोबर कपडे बदलू आणि डोकं पुसू, हा शब्द द्या आणि पाळा. अंगात थोडाही ताप असला तर पळणार नाही हेही सांगा. पावसाळ्यात ताप म्हणजे डेंग्यू-मलेरियाचं रक्त तपासल्याशिवाय अंगावर काढायचा नाही, यात त्यांचंच बरोबर आहे. आणि त्यांना हेही सांग की 2024 च्या भरतीची मैदानी चाचणी 19 जूनपासून, पावसाळ्याच्या तोंडावरच झाली होती, पावसानं काही ठिकाणी तारखा पुढे कराव्या लागल्या होत्या. ओल्या ग्राउंडवर पळायची पाळी पोरीवर येऊ शकते, तेव्हा सवय घरूनच केलेली बरी. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 च्या ऑलिम्पिकमधे स्टीपलचेसच्या फायनलला गेल्या, त्या शर्यतीत 7 वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते, ओल्या बुटानं पळणं हा त्यांचा खेळच होता.

जमलं तर अजून एक कर. पळायचा तुकडा असा निवड की शाळेचा व्हरांडा नाहीतर बस स्टॉपचं शेड जवळ राहीन, आणि सासूबाईंना तिथे खुर्ची टाकून बसव, हातात शिट्टी आणि मोबाईलचा टायमर. 45 सेकंदाला शिट्टी त्यांनी मारायची. तुम्हाला मोबाईल पाण्यात न्यावा लागत नाही, दोघींवर घरच्या मोठ्या माणसाची नजर राहते, रोडवरची टवाळ पोरं गप बसतात, आणि दोन हप्त्यात सासूबाईच सांगतीन की आज सुनेचा दगड पुढे गेला. त्यांना नसलं जमत तर जबरदस्ती नको, पण विचारून पाह. पाण्यापेक्षा त्यांना तुमचं नजरेआड जाणं जास्त टोचत असेन असं मला तुझ्या पत्रावरून वाटते.

राहिली तुझी तब्येत. तू लिहिलं नाही पण मी विचारते, जिना चढताना, हंडा आणताना धाप लागते का? पाळीच्या दिवसात अंगावरून जास्त जाते का? तसं असलं तर पहिले आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. बाईचं 12 च्या वर पाहिजे. आपल्याकडे कितीतरी बाया 9-10 वर वावरात दिवसभर राबतात आणि वाटते की आपला दमच कमी आहे. कमी निघालं तर आयर्नच्या गोळ्या तिथेच मिळतात, चहासोबत घ्यायच्या नाहीत, आणि तोपर्यंत 45 सेकंदाचे राऊंड जोरात न मारता आरामात पळ. नणंदेचंही सोबतच तपासून घे, तिचं काही दिसत नसलं तरी.

आणि ज्या दिवशी डवरणी-निंदणाला दिवसभर जाऊन आल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी इंटरवल नको, आराम करायचा. वावरातलं काम पण कामच आहे, त्याचा थकवा पायात राहते. मंगळवार हुकला तर बुधवारी मारा, त्यानं काही बिघडत नाही, फक्त पुढच्या इंटरवलपर्यंत मधे दोन दिवस सुटले पाहिजे.

नणंदेला हे पत्र वाचून दाखव. ती तुझ्यासाठी हळू पळून राहिली ते तिनं प्रेमानंच केलं, तिला तसं सांग, पण आता खांबापासून सुटल्यावर तिनं वहिनीकडे वळून पाहायचं नाही, आणि तू तिच्या पाठीकडे पाहायचं नाही. भेट दगडापाशी आणि खांबापाशी. घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दोघींचे दगड किती मीटरवर पडले ते लिहीत जा, नणंदेचं वर, तुझं खाली, आणि पाणी होतं का कोरडं होतं तेही. महिन्याभरानं त्या पानाचा फोटो मला पाठव, मग 300 मीटरचे राऊंड कधी सुरू करायचे ते पाहून सांगते.